वागानोवा रशियन बॅले अकादमी

वागानोवा रशियन बॅले अकादमी ही रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील बॅले नृत्याचे शिक्षण देणारी संस्था आहे. इ.स. १७३८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जगातील सर्वांत जुन्या बॅले शाळांपैकी एक मानली जाते. साधारण दहाव्या वर्षी दाखल झालेले मूल येथे आठ वर्षे शिकते व अठराव्या वर्षाच्या सुमारास व्यावसायिक नर्तक म्हणून बाहेर पडते. मारिन्स्की नाट्यगृहाच्या नृत्यसंघात येणारे बहुसंख्य नर्तक याच संस्थेचे विद्यार्थी असतात.

इतिहास

फ्रेंच नृत्यशिक्षक झां-बाप्तिस्त लांदे यांच्या विनंतीवरून सम्राज्ञी आन्ना यांनी ही शाळा सुरू करण्यास मान्यता दिली. पहिल्या तुकडीत बारा मुले व बारा मुली होत्या आणि ही सर्व राजवाड्यातील नोकरांची अपत्ये होती. इ.स. १८३६ मध्ये शाळा सध्याच्या वास्तूत आली. कार्लो रोस्सी या वास्तुविशारदाने आखलेला हा रस्ता आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याची रुंदी २२ मीटर, दुतर्फा इमारतींची उंची २२ मीटर आणि लांबी २२० मीटर आहे. प्रमाणबद्धतेचे शिक्षण देणाऱ्या शाळेला असा पत्ता लाभावा, हा योगायोगच.

एकोणिसाव्या शतकात मारियुस पेतिपा (फ्रेंच), ख्रिश्चन योहान्सन (स्वीडिश) आणि एन्रिको चेकेत्ती (इटालियन) यांनी येथे अध्यापन केले. ज्याला आज जग 'रशियन बॅले' म्हणते, त्याची जडणघडण अशी बऱ्याच अंशी परदेशी शिक्षकांच्या हातून झाली.

इ.स. १९४१ मध्ये लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडण्याच्या सुमारास शाळा उरल पर्वताच्या परिसरातील मोलोतोव (आजचे पर्म) भागात हलवण्यात आली. युद्धानंतर ती परतली. मात्र शिक्षिका येकातेरिना गेयदेनराईख तेथेच राहिल्या व इ.स. १९४५ मध्ये त्यांनी पर्म येथे स्वतंत्र बॅले शाळा सुरू केली. तीही पुढे रशियातील प्रमुख शाळांपैकी एक ठरली.

वागानोवा पद्धत

आग्रिपिना वागानोवा (१८७९–१९५१) या याच शाळेच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचे वडील मारिन्स्की नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करीत. उत्तम तंत्र असूनही त्यांना 'बॅलेरिना' हे पद इ.स. १९१५ मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या जेमतेम एक वर्ष आधी मिळाले. आपले शरीर नेमके कोठे कमी पडते, याचा शोध त्या नर्तिका म्हणून सतत घेत राहिल्या आणि त्या शोधातूनच त्यांची अध्यापनपद्धती घडली. इ.स. १९२१ पासून त्या शाळेत शिकवू लागल्या. इ.स. १९३४ मध्ये त्यांचे अभिजात नृत्याच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले.

फ्रेंच शैलीचा मृदूपणा व इटालियन शैलीचा जोम यांचा मेळ घालणे, हे या पद्धतीचे सूत्र आहे. पाय एकटे नाचत नाहीत, असे ती मानते. पाठीचा कणा स्थिर हवा. हात, खांदे, मान व नजर यांनी प्रत्येक हालचालीत भाग घ्यायला हवा. उडी घेताना हात केवळ शोभेसाठी वर जात नाहीत, ते शरीराला उचलण्यास मदत करतात. पहिल्या वर्षी मूल भिंतीलगतच्या दांड्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी तो धरून, अतिशय संथ गतीने मोजक्याच हालचाली करते. त्याच हालचाली पुढील वर्षांत वेग, वळण व उडी यांसह परत येतात. मुली बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचा सरावही आधी दांड्याच्या आधारानेच करतात. बाहेरून कंटाळवाणा भासणारा हा संथपणाच पद्धतीचा पाया आहे; वाढत्या हाडांवर व सांध्यांवर अकाली भार पडू नये, हाही त्यामागील हेतू होय.

वागानोवा यांच्या शिष्यांत मारिना सेम्योनोवा, गलिना उलानोवा, नतालिया दुदिन्स्काया व इरिना कोल्पाकोवा यांचा समावेश होतो. इ.स. १९५७ मध्ये शाळेला वागानोवा यांचे नाव देण्यात आले.

प्रवेश व शिक्षणक्रम

प्रवेशपरीक्षेत मुलाची शरीरयष्टी, वैद्यकीय स्थिती आणि कलागुण तपासले जातात. नितंबाच्या सांध्यातून पाय बाहेरच्या बाजूस किती वळतो, पावलाची कमान, लवचीकता, उडी व तालाची जाण यांना महत्त्व असते. मुलामुलींचे अभिजात नृत्याचे वर्ग वेगळे भरतात. युगुलनृत्य वरच्या वर्गांत शिकवले जाते. नृत्यासोबत शालेय विषय, फ्रेंच व पियानोही शिकावे लागतात. दरवर्षी परीक्षा होते. वयात येताना शरीराचे प्रमाण बदलल्यामुळे किंवा प्रगती अपुरी वाटल्यामुळे मुलांना मध्येच शाळा सोडावी लागते. दहाव्या वर्षी केलेली निवड अठराव्या वर्षापर्यंत टिकेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, ही या शिक्षणातील कठोर बाजू आहे.

निवडीचे निकष अचूक असतात, असेही नाही. आन्ना पावलोव्हा यांना पहिल्या प्रयत्नात प्रवेश नाकारला गेला होता, त्या इ.स. १८९१ मध्ये दाखल झाल्या. रुडॉल्फ नुरेयेव इ.स. १९५५ मध्ये आले तेव्हा सतरा वर्षांचे होते, म्हणजे रूढ वयापेक्षा सात वर्षांनी मोठे. अलेक्सांद्र पुश्किन या शिक्षकांनी त्यांना तीन वर्षांत तयार केले. इ.स. १९६४ मध्ये रिगाहून आलेले मिखाईल बॅरिश्निकोव्ह हेही त्यांचेच शिष्य. नुरेयेव (१९६१), नतालिया माकारोवा (१९७०) व बॅरिश्निकोव्ह (१९७४) यांनी परदेश दौऱ्यांत पश्चिमेकडे आश्रय घेतला. त्याआधी, इ.स. १९२४ मध्ये देश सोडलेले माजी विद्यार्थी जॉर्ज बॅलन्शाईन यांनी इ.स. १९३४ मध्ये न्यू यॉर्क येथे स्कूल ऑफ अमेरिकन बॅले स्थापण्यात पुढाकार घेतला होता.

अलीकडील घडामोडी

ऑक्टोबर २०१३ मध्ये रशियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने निकोलाय त्सिस्कारिद्झे यांची प्रभारी रेक्टर म्हणून नियुक्ती केली. ते मॉस्कोच्या शाळेत शिकलेले व बोल्शोई नाट्यगृहाचे नर्तक असल्याने सेंट पीटर्सबर्गमधील अनेक शिक्षकांनी व कलावंतांनी विरोध केला. दोन शहरांतील नृत्यपरंपरांची जुनी स्पर्धा या वादाच्या मुळाशी होती. इ.स. २०१४ मध्ये ते निवडणुकीद्वारे रेक्टर झाले.

भारताशी संबंध

पावलोव्हा यांनी इ.स. १९२३ मध्ये लंडन येथे उदय शंकर यांच्यासह राधा-कृष्णावरील नृत्य सादर केले. रुक्मिणी देवी अरुंडेल यांची इ.स. १९२८ मध्ये मुंबईत पावलोव्हा यांच्याशी भेट झाली. त्यानंतर रुक्मिणी देवींनी पावलोव्हा यांच्या संघातील क्लिओ नॉर्डी यांच्याकडे बॅलेचे धडे घेतले. आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांना पावलोव्हा यांनीच दिला होता. कथक नर्तिका मेनका (लीला सोखी) यांनाही पावलोव्हा यांचे प्रोत्साहन लाभले. मेनका यांनी पुढे खंडाळा येथे 'नृत्यालयम' ही संस्था काढली.