आंबा अडला तो कागदापाशी

२०२५ च्या मे महिन्यात नवी मुंबईतून विकिरण करून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या किमान पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडल्या. आंब्यात कीड सापडली म्हणून नव्हे. मालावर ८ आणि ९ मे रोजी विकिरणही झालं होतं. अडचण निघाली ती विकिरणाची ग्वाही देणाऱ्या ‘पीपीक्यू २०३’ या कागदात. तो चुकीच्या रीतीने दिला गेला, असा शेरा तिकडच्या यंत्रणेने मारला आणि दोनच वाटा ठेवल्या: माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा. परतीचं विमानभाडं आणि आंब्याचं उरलेलं आयुष्य यांचा मेळ बसेना, तेव्हा निर्यातदारांनी आंबा नष्ट होऊ दिला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं.

निर्यात शिकायला निघालेल्याला ही हकिकत पहिल्याच दिवशी ऐकवायला हवी. निर्यात म्हणजे चांगला माल, परदेशातलं गिऱ्हाईक आणि मधे एक जहाज, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात घोडं पेंड खातं ते या तिघांच्या मधल्या जागेत. माल या घटकेला कुणाच्या जोखमीवर आहे आणि कोणत्या कागदावर उभा आहे, या दोन प्रश्नांपाशी. गैरसमजही तिथेच उगवतात.

त्यातला सगळ्यात स्वस्त गैरसमज पाचशे रुपयांचा. ‘आयईसी काढला, आता एक्स्पोर्टचं लायसन हातात आलं.’ विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाचशे रुपये भरून हा आयात-निर्यात क्रमांक घरबसल्या मिळतो. जीएसटी आल्यापासून तर पॅन हाच आयईसी. पण तो परवाना नव्हे, हजेरीपटावरचा क्रमांक आहे. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पडताळून दिली नाही, तर तो निष्क्रियही होतो. अमुक माल पाठवता येईल की नाही, हे त्या त्या मालाचं धोरण ठरवतं. कांदा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, तेव्हा व्यापाऱ्यांचे आयईसी शाबूत होते. कांदा मात्र जागच्या जागी राहिला. ४ मे २०२४ ला बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के निर्यातशुल्क घेऊन.

मालाची ओळख पटते ती एचएस कोडवरून. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, भारतात पुढे आणखी दोन जोडले जातात. नाशिकचं ताजं द्राक्ष ०८०६.१० आणि तासगावचा बेदाणा ०८०६.२०. वेल तोच, शीर्षकही तेच, पण एक आकडा बदलला की समोरच्या देशातली जकात, मागितली जाणारी प्रमाणपत्रं, तपासण्या सगळं बदलू शकतं. ‘कोड काय, सीएचए टाकेल’ असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की कोड चुकला तर नोटीस निर्यातदाराच्याही नावाने येते.

आता हा सीएचए कोण आणि फॉरवर्डर कोण? बाजारात दोघांना एकाच दमात ‘एजंट’ म्हटलं जातं, आणि अनेक ठिकाणी एकच कचेरी दोन्ही कामं करते, त्यामुळे गोंधळ वाढतो. सीएचए, म्हणजे आताच्या कायद्याच्या भाषेत कस्टम्स ब्रोकर, हा सीमाशुल्क खात्यापुढे मालकाच्या वतीने उभा राहणारा माणूस. त्याला परीक्षा द्यावी लागते. सीमाशुल्क कायद्याखाली आणि २०१८ च्या नियमावलीनुसार परवाना घ्यावा लागतो. फॉरवर्डरचं काम वेगळं. तो जहाजावर किंवा विमानात जागा मिळवतो, ट्रक लावतो, कंटेनर मागवतो, दुसऱ्या टोकाला आपला सहकारी उभा करतो. लग्नघरातल्या कारभाऱ्यासारखा. मांडव त्याचा नाही, आचारी त्याचा नाही, बँडही त्याचा नाही. पण वरात वेळेवर निघते ती त्याच्यामुळे. ‘मधला दलाल टाळून थेट शिपिंग लाइनकडे जाऊ’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. महिन्याला शेकडो कंटेनर पाठवणाऱ्याला तो परवडेल. ज्याच्याकडे चार पेट्या आहेत, त्याचा माल दहाजणांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये बसवण्याचं काम फॉरवर्डरच करतो.

खरा गुंता मात्र दोन तीन-अक्षरी शब्दांत आहे. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) आणि सीआयएफ (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट). पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये पहिल्यांदा हे व्यापारी संकेत बांधले. त्यांची चालू आवृत्ती २०२० ची, आणि तिच्यात असे अकरा संकेत आहेत. नवख्या निर्यातदाराला कुणीतरी सांगितलेलं असतं, की एफओबी म्हणजे भाडं गिऱ्हाइकाचं आणि सीआयएफ म्हणजे भाडं आपलं. एवढं खरं आहे. त्यावरून तो पुढचा निष्कर्ष काढतो, की सीआयएफ रॉटरडॅम लिहिलं म्हणजे रॉटरडॅमपर्यंत माल आपल्या जोखमीवर.

तसं नाही. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विक्रेता भरतो, पण जोखीम माल न्हावाशेव्याला जहाजावर चढला त्याच क्षणी खरेदीदाराकडे जाते. पाहुण्याला एसटीत बसवून तिकीट आपण काढलं, म्हणून घाटात गाडी बंद पडल्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही, तसंच हे.

७ ऑगस्ट २०१० ला न्हावाशेव्याहून निघालेलं एमएससी चित्रा हे जहाज मुंबई बंदराच्या तोंडाशी आत येणाऱ्या खलिजिया जहाजाशी धडकलं. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. घराच्या उंबऱ्यावरच झालेला हा अपघात. पण त्या जहाजावर न्हावाशेव्याला एफओबी किंवा सीआयएफने चढलेला जो माल असेल, त्याची जोखीम तोवर खरेदीदाराची झालेली होती, आणि तो खरेदीदार हजारो मैलांवर बसलेला.

एफओबीचीही एक खोच आहे. २०१० च्या आधीच्या आवृत्त्यांत जोखीम जहाजाचा कठडा ओलांडताना बदलायची, आता ती माल जहाजावर ठेवल्यावर बदलते. कंटेनर मात्र जहाज यायच्या आधीच बंदराच्या आवारात सोडावा लागतो. त्या दोन-चार दिवसांत तो विक्रेत्याच्या ताब्यात नसतो, जोखीम मात्र विक्रेत्याचीच असते. म्हणून कंटेनरसाठी एफसीए, म्हणजे माल वाहतूकदाराच्या हाती देताच जोखीम बदलणारा संकेत वापरा, असं हे नियम करणारे स्वतःच सांगतात. तरीही न्हावाशेव्याच्या निम्म्या गप्पा एफओबीतच चालतात. सवयीला औषध नाही! आणि माल कुणाच्या मालकीचा, हे यांतला एकही संकेत सांगत नाही. ते करारात वेगळं लिहावं लागतं.

बँकेच्या एलसीबद्दलचा, म्हणजे पतपत्राबद्दलचा, समज तर उलटाच. ‘एलसी आहे म्हणजे पैसे बुडणार नाहीत, बँक माल तपासून पैसे देते.’ बँक माल बघत नाही. जगभरच्या एलसी ज्या यूसीपी ६०० नियमांवर चालतात, ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नव्हे. परिणाम चमत्कारिक होतो. माल समुद्राच्या तळाशी असला तरी कागद एलसीशी तंतोतंत जुळत असतील, तर पैसे मिळतात. माल उत्तम अवस्थेत गिऱ्हाइकाच्या दाराशी उभा असला, पण बीएलवर, म्हणजे बिल ऑफ लेडिंगवर, जहाजात चढल्याची तारीख एलसीतल्या मुदतीनंतरची पडली, तर बँक पाच कामकाजी दिवसांच्या आत कागद नाकारू शकते. मग गिऱ्हाईक फोन करून भाव पाडून मागतं.

‘काही झालं तर शिपिंग लाइन भरून देईल’ असं समजून विमा न काढणारेही कमी नाहीत. सागरी वाहतुकीच्या हेग-विस्बी नियमांत वाहतूकदाराच्या जबाबदारीला मर्यादा आहे: दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे दोन एसडीआर, यांतलं जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दोन एसडीआर म्हणजे तीन डॉलरांच्याही आत. शिवाय कप्तानाच्या नौकानयनातल्या चुकीसारख्या काही कारणांसाठी वाहतूकदार मुळातच जबाबदार धरला जात नाही. सीआयएफखाली विक्रेत्याने काढायचा विमाही किमान दर्जाचा असला तरी चालतो. रीफर, म्हणजे शीत कंटेनर, बंद पडून द्राक्षं सडली, तर त्या किमान विम्यातून हाती काही येत नाही.

त्याहून विचित्र गोष्ट एव्हर गिव्हनच्या वेळी पाहायला मिळाली. हे चारशे मीटर लांबीचं जहाज २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि २९ मार्चला सुटलं. त्यावर सुमारे १८ हजार ३०० कंटेनर होते आणि त्यांतला माल शाबूत होता. जहाजमालकाने मग ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं. जहाज आणि माल वाचवण्यासाठी झालेला खर्च ज्यांचं ज्यांचं काही वाचलं, त्या सगळ्यांनी प्रमाणात वाटून घ्यायचा, ही सागरी व्यापारातली फार जुनी रीत. ज्यांच्याकडे विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना स्वतःचाच धडधाकट माल सोडवण्यासाठी रोख अनामत भरायची वेळ आली. जहाज इजिप्तमधून हललं ते थेट ७ जुलैला.

रीफरचं नाव निघालंच आहे, तर नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा एक गैरसमज. रीफर कंटेनर म्हणजे चाकांवरचा फ्रीज, गरम माल टाका, रॉटरडॅमला गार निघेल. रीफर माल गार करत नाही. गार माल गार राखतो. त्याची हवा खोक्यांभोवती फिरते, आत साठलेली उन्हाची धग काढण्याइतका जोर तिच्यात नसतो. म्हणून द्राक्ष तोडल्यावर काही तासांतच पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग करून सुमारे चार अंशांपर्यंत आणायचं, मग शून्याच्या आसपास ठेवायचं, आणि कंटेनरही तसाच गार राखून भरायचा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि लाइन्सनी आफ्रिकेला वळसा घातला. युरोपचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. पॅकहाऊसमध्ये वाचवलेल्या दोन तासांची किंमत तेव्हा हॉलंडमध्ये कळली.

भाड्याच्या हिशेबात नवख्याची फसगत होते ती वजनावर. पापड-कुरडयांचं ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं आठ किलोचं असेल. विमानाला ते वीस किलोचं. एक लाख वीस हजार घनसेंटिमीटरला सहा हजारांनी भागायचं, आणि वजन किंवा आकार, जे भारी त्यावर भाडं. समुद्रात सुट्या मालासाठी एक घनमीटर म्हणजे एक टन धरतात. चाळीस फुटी कंटेनरमध्ये वीस फुटीच्या दुप्पट जागा असते, दुप्पट वजन मात्र चालत नाही. साखर, ग्रॅनाइट वीस फुटीत जातात ते त्यामुळेच. आणि लाकडी पॅलेट कोणतंही चालेल, असं सांगणाऱ्याकडून पॅलेट घेऊ नये. त्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेला किंवा मान्य रीतीने धुरी दिलेला लागतो आणि तसा शिक्काही. शिक्का नसेल तर लाकडापायी त्यावरचा माल परत फिरतो.

शेवटी बिल ऑफ लेडिंग, धंद्यातलं ‘बीएल’. याला पावती समजणारा माणूस ते गिऱ्हाइकाला आधी पाठवून देतो आणि मग पैशांची वाट बघतो. बीएल ही पावती आहेच, वाहतुकीच्या कराराचा पुरावाही आहे, पण मुख्य म्हणजे ‘टू ऑर्डर’ लिहिलेलं मूळ बीएल ज्याच्या हाती, त्याला मालावर हक्क सांगता येतो. सहसा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात आणि एका प्रतीवर माल सुटला की बाकीच्या निकामी होतात. फॉरवर्डरने दिलेलं हाऊस बीएल आणि लाइनने दिलेलं मास्टर बीएल हेही दोन वेगळे कागद. हाऊस बीएल घेऊन लाइनच्या खिडकीवर गेलं तर माल सुटत नाही.

भारतात या कागदाचा कायदा १८५६ चा होता, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावल्यानंतर तीन वर्षांनी झालेला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. दुबईसारख्या जवळच्या बंदरात मूळ प्रतींचं पाकीट पोचण्याआधीच जहाज लागतं. तेव्हा विक्रेता पैसे आल्याची खात्री करून घेतो, मूळ प्रती इथेच लाइनकडे जमा करतो आणि तिकडच्या कचेरीला माल सोडण्याचा निरोप ईमेलने जातो. टेलेक्सची यंत्रं भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण न्हावाशेव्याच्या कचेऱ्यांत या निरोपाला अजून ‘टेलेक्स रिलीज’च म्हणतात.