कचऱ्याच्या बॉयलरचे दुखणे

कचरा जाळून वीज तयार करणाऱ्या प्रकल्पात वाफ किती तापवायची, याचा निर्णय शेवटी बॉयलरच्या पोलादी ट्यूबांच्या हाती असतो. कोळशावरच्या केंद्रात वाफ 540 अंश सेल्सिअसपर्यंत सर्रास नेतात. कचऱ्याच्या बॉयलरमध्ये साधारण 400 अंश आणि 40 बार दाबावर थांबण्याची रीत युरोपात पडली. त्यामुळे कचऱ्यातल्या उष्णतेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा वीज होऊन पदरात पडतो. याला मुख्यतः क्लोरीन जबाबदार आहे.

हा क्लोरीन येतो पीव्हीसी प्लास्टिकातून आणि खरकट्यातल्या मिठातून. भट्टीत क्षारांची वाफ होते आणि ती धुराबरोबर वर जाते. ट्यूबच्या आत पाणी किंवा वाफ वाहत असल्याने तिची बाहेरची बाजू धुराच्या मानाने थंड असते. क्षार तिथे गोठतात, त्यांवर राख चिकटते आणि थर चढू लागतो. सोडिअम आणि पोटॅशिअम यांची क्लोराइडे एकेकटी वितळायला 770 ते 800 अंश लागतात. पण कचऱ्यातले जस्त आणि शिसे त्यांत मिसळले, की मिश्रण 250-300 अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागते. कोरड्या राखेपेक्षा हा ओला थर फार घातक, कारण धातूवरचे ऑक्साइडचे कवच त्यात विरघळते.

थर कोरडा असला तरी सुटका नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड थरातल्या क्लोराइडांचे सल्फेट करतो आणि मोकळा झालेला क्लोरीन कवचाच्या भेगांतून थेट लोखंडापर्यंत पोचतो. तिथे तयार झालेल्या लोखंडाच्या क्लोराइडची वाफ होते, ती बाहेरच्या अंगाला सरकते, ऑक्सिजन भेटताच तिचा गंज होतो आणि क्लोरीन पुन्हा सुटा होऊन आत परततो. तो खर्चच होत नाही. थोडासा क्लोरीन पुष्कळ लोखंड खातो, ते यामुळेच. गंमत म्हणजे हाच गंधक क्षार हवेत असतानाच त्यांना गाठू शकला, तर उपकारक ठरतो: ट्यूबवर तुलनेने निरुपद्रवी सल्फेट बसते. कोळशात गंधक मुबलक असतो, कचऱ्यात कमी.

थराचा दुसरा उपद्रव उष्णता अडवण्याचा. भट्टीजवळच्या ट्यूबांवर लेप जाड झाला, की धूर पुरेसा निवत नाही आणि जास्त तापलेलाच सुपरहीटरवर, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांवर, जाऊन आदळतो. वाफ सर्वांत गरम असते ती नेमकी तिथे. म्हणून सुपरहीटरच्या आधी मोकळे उभे कप्पे ठेवून धूर सुमारे 650 अंशांखाली आणतात. साचलेली राख हातोड्यांच्या ठोक्यांनी, पाण्याच्या फवाऱ्याने किंवा वाफेच्या झोताने पाडतात. झोताचा उपाय दुधारी आहे, कारण राखेबरोबर कवचही निघते आणि झोताच्या तोंडाजवळची ट्यूब आधी झिजते.

खरा आधार मिळाला तो इन्कोनेल 625 या निकेल, क्रोमिअम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूचा. वेल्डिंगने त्याचा सुमारे 2 मिलिमीटरचा थर ट्यूबवर चढवतात. तो महाग असतो आणि सुपरहीटरच्या तापमानाला त्याचीही परीक्षा होते. अॅमस्टरडॅमच्या 2007 सालच्या प्रकल्पाने या कवचाच्या भरवशावर 130 बार आणि 440 अंश गाठले. इतक्या दाबाला पाणीच 330 अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे भट्टीच्या भिंतीतल्या ट्यूबाही तेवढ्या तापतात. टर्बाइनमधून निघालेली वाफ पुन्हा तापवायची तर ट्यूबा धुरात नेल्या नाहीत. बॉयलरच्याच वाफेने ते काम केले. विजेचा उतारा 30 टक्क्यांवर गेला.

कोपनहेगनच्या अमागर बाक्के प्रकल्पातही वाफ 440 अंशांचीच, पण दाब 70 बार. तिथे वीज करून उरलेली उष्णता शहरातली घरे ऊबदार ठेवायला विकली जाते. पिंपरी-चिंचवडच्या मोशीत 2023 साली सुरू झालेल्या 14 मेगावॅटच्या प्रकल्पाला असे गिऱ्हाईक नाही. त्याला विजेवरच भागवावे लागते.