चिकूच्या गाठीखाली कोण राहतं?

नर्सरीतून चिकूचं कलम घरी आलं, की पानं बघायच्या आधी खाली वाका. मातीच्या थोडं वर खोडाला एक फुगीर, जराशी वाकडी गाठ दिसेल. गाठीच्या वर आहे चिकू. आणि खाली? खाली चिकू नाहीच! तिथे आहे खिरणी. उन्हाळ्यात बाजारात कधीतरी पिवळी, बोटाच्या पेराएवढी गोड फळं येतात ना, ती खिरणी. मुळं एका झाडाची, फळं दुसऱ्याची, आणि दोघं मिळून एक झाड होऊन जगतात. घरी पिंपात लावता येईल असं याहून मोठं नवल मला तरी ठाऊक नाही.

हे जुळवतात कसं? चिकूच्या मोठ्या झाडाजवळ मांडव घालतात आणि त्यावर खिरणीची रोपं ठेवतात, अगदी फांद्यांच्या उंचीवर. मग रोपाचं खोड आणि चिकूची फांदी, दोन्हींची साल थोड्या लाकडासकट तासतात, जखमेला जखम लावतात आणि घट्ट बांधून टाकतात. फांदी अजून आपल्या आईच्याच अंगावर असते, म्हणून ती सुकत नाही. सालीच्या लगेच आत एक पातळ, ओला थर असतो. शास्त्रज्ञ त्याला कॅम्बियम म्हणतात. झाड जाड होतं ते या थरामुळे, कारण इथल्या पेशी सारख्या नव्या पेशी घडवत असतात. दोन्हींचे थर एकमेकांना टेकले, की मधली फट नव्या पेशींनी भरते, आणि त्यांतल्याच काही पेशींच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बनतात. दोन-तीन महिन्यांत सांधा पक्का झाला, की खिरणीचा शेंडा उडवायचा आणि चिकूची फांदी आईपासून तोडायची. याला म्हणतात भेट कलम.

पण चिकू आंब्यावर बांधला तर? नाही जमणार. कलमाला नातं लागतं. चिकू आणि खिरणी हे एकाच कुळातले, दोघांच्याही अंगात पांढरा चीक. चिकूच्या मूळ देशात, मेक्सिकोच्या बाजूला, तिथले लोक हा चीक आटवून चघळत. पुढे त्यातूनच च्युइंग गम आलं!

मग सरळ बीच का लावू नये? लावा की! पण चिकूच्या बीतून येणारं झाड आईसारखंच फळ देईल याची खात्री नाही, जशी भावंडं एकमेकांसारखी हुबेहूब नसतात. शिवाय फळांसाठी बरीच वर्षं थांबावं लागतं. कलम मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येतं, आणि फळ अगदी आईचंच. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या ‘कालीपत्ती’ चिकूचं कलम म्हणजे त्याच एका जुन्या झाडाचा जिवंत तुकडा. हापूसचंही तेच. कोकणभर पसरलेली हापूसची कलमं म्हणजे एकच झाड, हजारो ठिकाणी उभं. मला ही कल्पना फार आवडते.

घोडबंदर गावच्या मुलांनी घरी लावायला चिकूच का निवडावा, याला कारण आहे. गाव वसईच्या खाडीकाठी. इथला जो किल्ला १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच्या टेकडीवर उभं राहिलं तरी खाडीचा वारा अंगाला लागतो. चिकू हा वारा सोसतो, आणि खिरणीची मुळं मोठी चिवट. याच किनाऱ्याने वर गेलं की डहाणूपलीकडे घोलवड. तिथे चिकूची लागवड १८९८ च्या सुमारास सुरू झाली, आणि आज ते नाव चिकूसाठीच ओळखलं जातं.

कलम लावायचं पावसाच्या सुरुवातीला. जुना पिंप अर्धा कापून घ्या, तळाला भोकं पाडा, वर विटांचे तुकडे टाका, मग लाल माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. गच्चीवर ठेवणार असाल तर आधी मोठ्यांना जागा विचारा, कारण भिजलेल्या मातीचा असा पिंप दीडशे किलोच्या वर जातो. ऊन भरपूर हवं. जुलैत पाणी साचू देऊ नका. आणि हे मात्र नक्की पाळा: गाठ मातीत पुरू नका.

गाठीखालून कधी कधी फुटवा येतो. त्याची पानं बघा, टोकाला बारीक खाच असेल. ती खिरणी! वाढू दिली, तर चिकूचं पाणी तीच पिऊन टाकेल. लगेच खुडा. पहिली एक-दोन वर्षं फुलंही खुडा, झाडाला आधी अंग धरू दे.

पुढे एक गंमत दिसेल. एकाच फांदीवर कळी, सुपारीएवढं फळ आणि मोठा चिकू, तिन्ही एकदम. मोठा तयार झाला का, हे रंगावरून कळत नाही, कच्चाही तपकिरीच. नखाने हलकेच खरवडा. खाली हिरवं दिसलं तर थांबा. पिवळसर दिसलं तर तोडा, आणि लगेच खाऊ नका: झाडावरून उतरवलेला चिकू कडकच असतो, चिकाने जीभ चिकट होते. टोपलीत काही दिवस ठेवला, की मऊ होतो आणि घरभर वास सुटतो.