मुरुमांचं जेल: पंधरा दिवसांनी विचारलंत तर फसाल

शहापूर-मुरबाडच्या गावांत मुरुमांवर सर्वेक्षण करणार असाल, तर ‘कोणती क्रीम लावता?’ एवढंच विचारू नका. ट्यूब आणायला सांगा, मागचे घटक वाचा.

अ‍ॅडापलीन ०.१ टक्के आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के असेल, तर ते मुरुमांचं जेल. अ‍ॅडापलीन बुजलेली रंध्रं मोकळी करतं, पेरॉक्साइड जिवाणू मारतं. अँटिबायोटिक नसल्याने जिवाणू सरावण्याची भीती नाही. पण सुरुवातीला चेहरा जळजळतो, सोलतो. स्टेरॉइडवाल्या ‘गोरं करणाऱ्या’ क्रीमचं उलटं: आधी चेहरा छान, मग कातडी पातळ आणि मुरूम जास्त. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही.

आता बघा, दुसऱ्या आठवड्यात ‘बरं वाटतंय का?’ विचारलं तर तुमच्या तक्त्यात स्टेरॉइडच जिंकेल! या जेलच्या चाचण्यांत माप १२ आठवड्यांनी घेतात, ते यासाठीच.

कुणी वापर विचारलाच, तर आधी डॉक्टरांकडे पाठवा. गरोदर बाईला तर नक्कीच. एरवी रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. जळजळ झाली तर एक दिवसाआड. टॉवेलचा रंग उडतो, हेही सांगा. आणि शेतावर राबणाऱ्या मुलीला ‘ऊन टाळा’ म्हणून काय उपयोग? ओढणी, टोपी सुचवा.