बनेश्वरच्या घंटेवरचा क्रूस

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालं की पस्तीसेक किलोमीटरवर चेलाडी फाटा लागतो. उजवीकडे वळलं की नसरापूर, आणि तोच रस्ता पुढे वेल्ह्याला, राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जातो. गडावर निघालेली मंडळी वाटेत नसरापूरच्या बनेश्वराला थांबतात. झाडीत दडलेलं पेशवाई देऊळ, समोर पाण्याची कुंडं, जवळच शिवगंगेचा धबधबा. दर्शन घ्यायचं, घंटेचा टोल द्यायचा, बाहेर येऊन भजी खायची आणि गाडीत बसायचं. घंटेकडे मान वर करून बघणारे थोडेच. जे बघतात त्यांना तिच्या अंगावर दोन गोष्टी उठून आलेल्या दिसतात : एक क्रूस आणि १६८३ हा आकडा.

हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. म्हणजे देऊळ घंटेपेक्षा ६६ वर्षांनी लहान!

१६८३ हे साल साधंसुधं नाही. त्या वर्षाच्या अखेरीला पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि संभाजी महाराजांनी तो उधळून लावला. मराठे पाठोपाठ गोव्याच्या दाराशी, जुवे बेटापर्यंत येऊन धडकले. घाबरलेल्या व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून ‘आता तूच सांभाळ’ असं साकडं घातलं. ज्यांचं बालपण राजगडावर गेलं त्या राजाने पोर्तुगिजांना संताच्या पायाशी नेलं, त्याच वर्षी ही घंटा ओतली गेली आणि आज ती राजगडाच्या वाटेवर टांगलेली आहे. निव्वळ योगायोग, पण अंगावर काटा आणणारा.

याच साली तिकडे तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. वेढा मोडला, तुर्क तोफा टाकून पळाले. त्यांतल्या २०८ तोफा वितळवून १७११ मध्ये व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलसाठी ‘पुमेरिन’ नावाची अजस्र घंटा ओतली गेली. तोफेची घंटा झाल्याचं हे उदाहरण. घंटेची तोफ करणं मात्र त्या काळी जास्त चालायचं. नार्वाच्या लढाईत तोफा गमावल्यावर रशियाच्या पीटरने १७०१ मध्ये आपल्याच देशातल्या चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या. स्वतःच्या धर्माच्या घंटा, बरं का.

मराठ्यांनाही तोफांची गरज काही कमी नव्हती. तरी बनेश्वरची घंटा भट्टीत न जाता देवळात कशी आली?

त्यासाठी वसईला जावं लागेल. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ च्या तहात वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ते तिथे पाय रोवून बसले. कोटाच्या आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा निरनिराळ्या पंथांची चर्चेस उभी राहिली, आणि चर्च म्हटलं की घंटा आलीच. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी कोटाला वेढा घातला. सुरुंग, शिड्या, मोर्चे, दोन्हीकडची अतोनात माणसं गेली. १६ मे रोजी कोट शरण आला. पोर्तुगिजांना सन्मानाने बाहेर पडू दिलं गेलं. घंटा मागे राहिल्या आणि विजयाची निशाणी म्हणून घाटावर आल्या.

आज त्या कुठे कुठे आहेत बघा. एक नसरापूरला. एक भीमाशंकरला, शनिमंदिरासमोर. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर. तिच्यावरही मायलेकरं आहेत, साल १७०७, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास सांगतात. एक नाशकात गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाला, १७२१ सालची. गोदावरीचा पूर कुठवर चढला हे सांगताना दुतोंड्या मारुतीच्या जोडीला तिचंही नाव निघतं. आणखीही काही देवळांत अशा घंटा आहेत. मला हे एक भलंमोठं समूह-प्रदर्शन वाटतं. तिकीट नाही, दालन नाही, उद्घाटनाची फीत नाही, आणि दोन कलाकृतींमधलं अंतर कधीकधी दीडशे-दोनशे किलोमीटर.

कुठल्याही देवळात विचारलं तर उत्तर एकच मिळतं : ‘चिमाजी अप्पांनी वाहिली.’ इथे जरा थांबून तारखा जुळवून पाहाव्यात. चिमाजी अप्पा वारले डिसेंबर १७४० मध्ये. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, बनेश्वर १७४९ चं. आणि मेणवलीचे नाना फडणवीस जन्मलेच १७४२ मध्ये. त्यांचा वाडा नि घाट त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तेव्हा वसईहून आलेल्या या घंटा थेट आजच्या जागी गेल्या नसणार. कुठल्या तरी कोठीत, नाहीतर आधीच्या एखाद्या देवळात त्या राहिल्या असतील, आणि नवं देऊळ उभं राहिलं तशी एकेक बाहेर निघाली असेल. याचा अर्थ, क्रूसाची घंटा शंकरापुढे टांगायची हे लढाईच्या धुंदीत एकाच कोणी ठरवलेलं नाही. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, डोकं थंड असताना तेच पुन्हा पुन्हा ठरवलं. आणि ठरवताना कोणी कानस घेऊन क्रूस घासून टाकला नाही. जिंकलेली वस्तू जिंकलेली दिसावी, हा हेतू त्यात असणारच. उगाच त्याला सर्वधर्मसमभावाचं लेबल मी लावणार नाही. पण हेतू काही असो, क्रूस राहिला.

घंटा काशाची असते, म्हणजे तांबं आणि कथील. गावोगावी ‘पंचधातूची घंटा’ म्हणतात, पण घंटेचा आवाज खरा या दोघांच्या प्रमाणात असतो : ढोबळमानाने चार भाग तांबं, एक भाग कथील. तोफेच्या काशात कथील याच्या निम्मंच, दहात एक भाग. कथील वाढलं की धातू टणक होतो आणि खणखणीत वाजतो, पण ठिसूळही होतो; तसल्या काशाची तोफ बार उडाल्यावर फुटायची. म्हणून घंटेची तोफ करायची तर त्यात पुष्कळ तांबं वरून घालावं लागतं. आता हे कथील यायचं कुठून? भारतात ते जवळजवळ सापडतच नाही. जुन्या काळी यायचं ते मुख्यतः मलायाच्या बाजूने, जहाजात भरून. म्हणजे बनेश्वरच्या घंटेतला पाचवा हिस्सा बहुधा समुद्रापलीकडचा आहे.

आणि ओतणारे हात? पोर्तुगीज अमलात घंटा नि तोफा ओतणारे मोठमोठे कारखाने गोव्यात होते. बोकारो घराण्यातला बाप गोव्यात आणि मुलगा मकावला ओतकाम करून नाव मिळवून गेला. जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमधली ‘सोन्याची घंटा’ १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतल्याचं सांगतात, आणि कुंकळ्ळी म्हणजे गोव्यातल्या धातुकामाचं माहेरघर. साचा युरोपीय पद्धतीचा : आधी मातीचा गाभा, त्यावर घंटेच्याच आकाराची खोटी घंटा, तिच्यावर मेणाची नक्षी, क्रूस, अक्षरं, आकडे, वरून पुन्हा मातीचं जाड कवच. ही माती म्हणजे चिकणमाती, घोड्याची लीद आणि केस यांचा लगदा. कवच वाळलं की उचलायचं, खोटी घंटा फोडून टाकायची, कवच परत बसवायचं आणि मधल्या पोकळीत रसरसतं कासं सोडायचं. आकडा कवचाच्या आतल्या अंगाला उलटा उमटतो आणि घंटेवर सुलटा येतो. पंढरपूर-कोल्हापूरकडच्या ओतारी मंडळींना यातलं फारसं काही परकं वाटायचं नाही.

घंटा तयार झाली की चर्चमध्ये तिचा विधी होई. बिशप तिला मंतरलेल्या पाण्याने आतून-बाहेरून न्हाऊ घाले, तेलाची बोटं लावी, खाली धुपाटणं ठेवून तिच्या पोटात धूर भरू देई आणि तिला एखाद्या संताचं नावही दिलं जाई. अभिषेक, तेल, धूप, नाव. पुढे ती शंकराच्या देवळात आली तेव्हा पुजाऱ्याने जे काही केलं असेल ते तिला नवं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

खरी गंमत मला वाटते ती पुढेच. चर्चमध्ये घंटा असते मनोऱ्यात, उंचावर. दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी, सांजेला, आंजेलूसच्या प्रार्थनेसाठी ती वाजे आणि शेतातली, होडीतली माणसं जिथे असतील तिथे थांबत. ती सगळ्यांनी ऐकायची वस्तू होती, बघायची नव्हे. क्रूस, मारिया, साल हे सगळं उमटवलेलं, पण वर मनोऱ्यात ते बघणार कोण? दोर ओढणारा सेवक आणि कबुतरं. देवळात घंटा खाली आली, हाताच्या अंतरावर आली. जी अक्षरं वसईत भाविकांच्या नजरेला क्वचितच पडली असतील ती नसरापूरला पाचवीतलं पोरही एक-सहा-आठ-तीन करून वाचतं. ओतकामगाराने निगुतीने केलेल्या नक्षीला प्रेक्षक मिळाले ते हिंदू देवळात.

वाजवायची रीतही बदलली. तिथे अख्खी घंटा दोराने झुलायची आणि आतला लोळा काठावर आदळायचा, एकामागून एक, मिनिटमिनिट. इथे घंटा जागची हलत नाही; माणूस लोळा हातात धरून एक टोल देतो. तो एकच टोल नीट ऐकण्याजोगा असतो. युरोपीय घंटेचा काठ जाड आणि कंबर बाकदार असते, त्या घडणीमुळे एका टोलात अनेक स्वर एकदम निघतात. त्यांत मुख्य स्वराला षड्ज धरलं तर वर कोमल गंधार असतो. म्हणून चर्चची घंटा लग्नात वाजली तरी किंचित उदास वाटते. आणि षड्जाच्या एक सप्तक खाली एक घुमारा असतो. टोल दिल्याबरोबर कानात शिरतात ते वरचे तीव्र स्वर; ते चटकन विरतात. कोमल गंधार जरा रेंगाळतो. सगळ्यांत शेवटी खालचा घुमारा उरतो. त्याहून नवल म्हणजे, टोलाचा जो ठाम स्वर आपण ‘हा घंटेचा सूर’ म्हणून गुणगुणतो तो पुष्कळदा धातूत नसतोच. वरच्या स्वरांच्या आपसातल्या नात्यावरून आपला मेंदू तो रचतो.

घुमारा ऐकताना तो एकसारखा न राहता डोलतो, ‘वॉव-वॉव’ असा. घंटा अगदी निर्दोष गोल असती तर हे झालं नसतं. कुठे काठ केसभर जाड, कुठे नक्षीचा उठाव, त्यामुळे एकच कंप दोन अगदी जवळजवळच्या कंपांत फुटतो आणि ते दोघे एकमेकांना आळीपाळीने उचलतात, दाबतात. म्हणजे अंगावरचा क्रूस, मारियाची मूर्ती यांचाही त्या डोलण्यात थोडा हात असतो. शिवलिंगासमोर टोल देणारा माणूस, त्याला माहीत असो-नसो, तो उठाव कानांनी ऐकत असतो.

चर्चचं देवळात आलं ते फक्त घंटेपुरतं नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडली तेव्हा देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात, फोंड्याकडे गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. तिचं आजचं मंदिर शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभं राहून १७३८ मध्ये पुरं झालं, वसई पडण्याच्या आदल्याच वर्षी. आणि त्याचं रूप कसं? कमानदार खिडक्या, आत झुंबरं, बाहेर चर्चच्या मनोऱ्याची आठवण करून देणारा मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ. ज्यांच्यामुळे देवीला घर सोडावं लागलं त्यांच्याच चर्चची घडण गोव्याच्या गवंड्यांनी तिच्या नव्या घरासाठी बिनदिक्कत उचलली. साताऱ्याच्या छत्रपतींच्या मंत्र्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घंटा गेल्या तरी वसईतली माणसं तिथेच राहिली. तिथले सामवेदी ख्रिस्ती आजही घरात आपली मराठीचीच एक बोली बोलतात. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चौलजवळच्या कोर्लईत तर मराठे येऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं लोटली तरी कोळीवाड्यालगत पोर्तुगीज-मराठी मिसळलेली एक भाषा घराघरात टिकून आहे.

या प्रदर्शनातल्या दोन घंटा एका दिवसात ऐकता येतात. सकाळी नसरापूर, मग कापूरहोळवरून भोर, भोरचा राजवाडा बाहेरून बघून मांढरदेवीचा घाट, पलीकडे वाई आणि मेणवली. पावसाळ्यात घाट जपून. टोल मात्र हळू द्यावा. जास्त कथिलाचं कासं ठिसूळ असतं आणि सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांची घंटा तडकली तर डाग देऊन पूर्वीचा आवाज मिळवणं महाकठीण. शिवाय जोरात हाणलं की वरचे स्वर इतके कर्कश होतात की खालचा घुमारा ऐकूच येत नाही.