मुलांचे नाव सगळीकडे एकच आहे का?

मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आम्ही घरातली सगळी कागदपत्रे चटईवर मांडून बसलो, तेव्हा लक्षात आले की एकाच मुलीची तीन नावे आहेत. जन्मदाखल्यावर 'सानिया बी', शाळेच्या पटावर 'शेख सानिया शेख रऊफ' आणि आधारवर 'सानिया रऊफ शेख'. घरात कुणालाच त्यात काही वावगे वाटले नव्हते. संगणकाला मात्र त्या तीन वेगळ्या मुली वाटल्या.

पूर्वी हे चालून जायचे. शाळेतले क्लार्क ओळखीचे असत, मोहल्ल्यातले असत. आता शाळा-कॉलेजांच्या नोंदी एकमेकींना जोडल्या जात आहेत. महाराष्ट्रात 2015पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरली जाऊ लागली. केंद्राच्या 'यू-डायस प्लस'मध्ये 2022-23पासून शाळेची नुसती पटसंख्या नव्हे, तर एकेका मुलाची नोंद असते. त्यावर आता 'अपार' हा 12 अंकी क्रमांक आला आहे. तो डिजिलॉकरशी जोडलेला असतो. कॉलेजातले क्रेडिट जमा करणारी अॅकॅडमिक बँक 2021मध्ये सुरू झाली, तीही याच क्रमांकाशी जोडली आहे.

यात फायदा नक्कीच आहे. आपल्याकडच्या अनेक उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंतच असतात. पुढे शाळा बदलावीच लागते आणि याच वळणावर कितीतरी मुली घरी बसतात. नोंद मुलागणिक असेल, तर कोणती मुलगी पुढच्या शाळेत पोहोचली नाही हे दिसू शकते. दाखला हरवला, गाव सुटले, तरी शिक्षणाचा हिशेब हरवत नाही.

पण नोंद पुढे जाते तेव्हा तिच्यातली चूकही पुढे जाते. 'अपार' तयार होताना शाळेतील नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळावे लागते. आपल्या नावांची अडचण इथेच येते. सय्यदचे इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होते. मोहम्मदचे कुठे 'मो.' होते. 'शेख' कधी आधी, कधी शेवटी, तर कधी दोनदा येते.

म्हणून पालकांनो, आजच बसा. जन्मदाखला, आधार आणि शाळेतील नोंद शेजारी-शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मुलाने शाळा सोडल्यावर हेच काम फार अवघड होते. दहावीच्या फॉर्मनंतर तपासणीसाठी प्री-लिस्ट येते. ती मुलांवर सोडू नका, स्वतः वाचून मगच सही करा.

आणखी एक गोष्ट. 'अपार'साठी अल्पवयीन मुलांच्या पालकांची संमती घेतली जाते. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नका आणि शंका असेल तर शाळेत विचारा. संमती देणे ऐच्छिक आहे, दिलेली संमती मागेही घेता येते.

आमच्या मुलीचे नाव जुळवायला दोन महिने आणि अनेक चकरा लागल्या. अकिक्याच्या दिवशी आपण नाव किती विचार करून ठेवतो! ते कागदावर नीट उतरले की नाही, हे पाहणेही आईबापांचेच काम आहे.