पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च : हिशेब आधी मांडा



मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. (कृषी) झाली की एम.एस्सी.ला पाठवावे काय, हा प्रश्न घरात निघतो. पालक प्रथम फी विचारतात. परंतु फी हा खर्चाचा एक भाग झाला. दोन वर्षांची खानावळ, वसतिगृह, पुस्तके, प्रवास तसेच प्रबंधासाठी लागणारे प्रयोगाचे साहित्य, नमुन्यांची तपासणी, छपाई व बांधणी हा खर्चही त्यात धरावा.

पीककर्ज वळवू नये

पीककर्ज हंगामानंतर फेडायचे असते. पदवीचे उत्पन्न मात्र दोन-तीन वर्षांनी सुरू होते. माझ्या एम.एस्सी.च्या वेळी वडिलांनी पीककर्जाची रक्कम फीसाठी वापरली. कर्ज थकले, व्याजसवलत गेली आणि पुढील खरिपात बी-बियाणे, खते उधारीवर आणावी लागली. ही चूक टाळावी.

शैक्षणिक कर्ज

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. म्हणून जमीन गहाण ठेवण्याची घाई करू नये. परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढते.

उदाहरणार्थ, दरवर्षी २ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये उचलले व व्याजदर १० टक्के धरला, तर पहिल्या रकमेवर तीन वर्षांचे ६० हजार आणि दुसऱ्या रकमेवर दोन वर्षांचे ४० हजार रुपये सरळव्याज होते. म्हणजे परतफेड ५ लाखांपासून सुरू होईल व दहा वर्षे दरमहा सुमारे ६,६०० रुपये हप्ता बसेल. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत गेल्यास हप्ता सुमारे ५,३०० रुपये राहील. त्यासाठी पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १,७०० व नंतर ३,३०० रुपये लागतील. दुधाच्या पगारातून ही रक्कम बाजूला काढता येते काय, ते पाहावे.

शिष्यवृत्ती

कर्जापूर्वी शिष्यवृत्तीची चौकशी करावी. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक मिळाल्यास दरमहा शिष्यवृत्ती मिळते. राज्य शासनाच्या योजनांसाठी महाडीबीटी पोर्टलवर मुदतीत अर्ज करावा. उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा.

पेरणीपूर्वी आपण बियाणे, खत, मजुरीचा अंदाज घेतो. तसाच हा हिशेब मुलांना सोबत बसवून करावा. कारण हप्ता पुढे त्यांनाच फेडायचा आहे.